बेवारस बॅग आणि लाल पट्टी

२६ नोव्हेंबर २००८ चा हल्ला संपला आणि मुंबईत बॅगांचे दिवस सुरू झाले. फलाटावर बेवारस बॅग, बसच्या सीटखाली डबा, सोसायटीच्या गेटबाहेर अनोळखी स्कूटर. पोलिसांच्या कंट्रोल रूमला फोन जायचा, पाठोपाठ आमच्या न्यूजरूमला.

लोक उगाच घाबरत नव्हते. १९९३ मध्ये या शहरात उभ्या गाड्या आणि स्कूटर फुटल्या होत्या. २००३ मध्ये गेटवेसमोरची टॅक्सी. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी अकरा मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट. बेवारस डब्याजवळ कोण निवांत बसणार?

मी तेव्हा एका वाहिनीसाठी फिल्डवर होतो. कॉल आला की पुढचं सगळं पाठ. पोलीस दोरी बांधून गर्दी मागे सारायचे. श्वानपथकाचा कुत्रा बॅग हुंगायचा. मग बॉम्बशोधक पथकातला एकच माणूस जाडजूड सूट चढवून पुढे जायचा, हुक अडकवून परत यायचा आणि लांबून दोरीने बॅग ओढली जायची. सगळं अतिशय सावकाश. इकडे कानात न्यूजरूमचा डेस्क, "फोनो दे, फोनो दे!" फोनो म्हणजे फोनवरून थेट बातमी सांगणं. सांगण्यासारखं काही नसायचं. पण समोरच्या वाहिनीवर 'बॉम्ब?' अशी लाल पट्टी धावायला लागलेली असायची. प्रश्नचिन्ह लावलं की जबाबदारी संपली, असा एकूण हिशेब.

या पट्टीत किती ताकद असते ते २८ नोव्हेंबरला दिसलं होतं. सीएसटीवर पुन्हा गोळीबार सुरू झाल्याची अफवा वाहिन्यांवरून पसरली आणि लोक सैरावैरा पळाले.

आणि ३ डिसेंबर. त्याच सीएसटीवर, हल्ल्यात सापडलेल्या प्रवाशांच्या सामानाच्या ढिगात खरोखरच स्फोटकं निघाली. आठवडाभर तिथेच पडून होती. त्यानंतर पोलिसांच्या सावकाशपणाची टिंगल आमच्यापैकी कुणी केली नाही.

त्याच महिन्यात दादरला एक बॅग उघडली. दोन शर्ट, टॉवेल, सत्तूची पुडी, प्लॅस्टिकच्या फायलीत शाळेचे दाखले. पाणी भरायला गेलेला मुलगा धावत आला. ऑक्टोबरमध्येच रेल्वेभरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय मुलांना मुंबईत मारहाण झाली होती, ते वारं अजून होतंच. गर्दीतून पहिला प्रश्न आला, "नाव काय रे तुझं?" पाठोपाठ चार-पाच माइक. पोरगं बाटली छातीशी धरून उभं. मी नाव विचारलं नाही आणि कॅमेरामनला फक्त बॅग घ्यायला सांगितली. पोलिसांनी पत्ता लिहून घेऊन त्याला सोडलं.

आमची बातमी डेस्कने पाडली. न फुटणाऱ्या बॅगेला बुलेटिनमध्ये जागा कुठली? दुसऱ्या एका वाहिनीवर मात्र त्याचा चेहरा रात्रीपर्यंत फिरत होता. 'बॉम्ब नव्हता' एवढं सांगणारी पट्टी मला तरी कुठे दिसली नाही.

२०१५ मध्ये केबल नियमांत बदल झाला. दहशतवादविरोधी कारवाईचं थेट प्रक्षेपण बंद, नेमलेला अधिकारी वेळोवेळी सांगेल तेवढंच दाखवायचं. झालं ते चांगलंच. त्या मुलाच्या चेहऱ्याबद्दल त्या नियमात काही नाही.