जुन्या गाडीचे ऑइल: आधी मोजा, मग इंजिन उघडा

श्रोतेहो,

जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हा अनुभव येतो. सर्व्हिसिंग होऊन जेमतेम दोन-तीन महिने झालेले असतात, सहज म्हणून डिपस्टिक (ऑइलची पातळी पाहायची पट्टी) काढून पाहावी तर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली गेलेले असते. गॅरेजमध्ये विचारल्यावर उत्तर बहुधा ठरलेले असते: "इंजिन ऑइल खातंय साहेब, हाफ इंजिन करावं लागेल." हाफ इंजिन म्हणजे इंजिन उघडून पिस्टन-रिंगांचे काम. हे उत्तर काही वेळा बरोबर असते. परंतु ते फार लवकर दिले जाते आणि त्याहून लवकर मान्य केले जाते, असे माझे स्पष्ट मत आहे. ऑइल किती जाते आणि कोणत्या वाटेने जाते, या दोन गोष्टी कळल्याशिवाय हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, पाना लावू नये, एवढेच मला आज सांगायचे आहे.

थोडे ऑइल प्रत्येक इंजिन जाळते. पिस्टन खाली येताना ऑइल रिंग सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल खरवडून खाली सोडते, पण एक पातळ थर मागे राहतोच आणि तो राहायलाच हवा, नाहीतर वरच्या रिंगा कोरड्या घासतील. त्या थरातला काही अंश ज्वलनात जातो. म्हणूनच काही युरोपीय कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये दर १००० किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतचा खप चालेल असे छापलेले असते. ही सवलत मला फार उदार वाटते. पण खप शून्य असावा ही अपेक्षाही चुकीची आहे.

अमेरिकेत टोयोटाच्या २.४ लिटरच्या २एझेड-एफई इंजिनाबद्दल ऑइलच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा कंपनीने ठरवलेली पद्धत लक्षात ठेवण्यासारखी आहे. डीलरने ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरायचे, ग्राहकाने गाडी १२०० मैल चालवून परत आणायची आणि त्या अंतरात सुमारे एक क्वार्ट (लिटरहून जरा कमी) ऑइल गेले असेल, तरच इंजिन उघडून सुधारित पिस्टन आणि रिंगा घालायच्या. आपल्या मापात ही मर्यादा साधारण २००० किलोमीटरला एक लिटर अशी होते. सांगायचा मुद्दा हा की, दोष इंजिनाच्या आत आहे याची दाट शंका असतानाही कंपनीने आधी मोजले. हीच पद्धत आपल्याला घरी, एक पैसाही खर्च न करता वापरता येते.

मोजण्याला मात्र शिस्त हवी. गाडी दर वेळी त्याच सपाट जागी उभी करावी, इंजिन गरम झाल्यावर बंद करून दहा मिनिटे थांबावे, म्हणजे वर गेलेले ऑइल चेंबरमध्ये उतरते. डिपस्टिक काढून पुसावी, पूर्ण आत बसवावी, पुन्हा काढावी आणि तिच्या दोन्ही बाजू पाहाव्यात. एका बाजूला ऑइल नळीच्या कडेला घासून वर चढलेले दिसते, म्हणून जी बाजू कमी दाखवते ती खरी धरावी. नंतर मापाच्या भांड्याने वरच्या खुणेपर्यंत ऑइल घालून, किती मिलिलिटर लागले आणि किलोमीटरचा आकडा काय होता, हे वहीत लिहावे. अशा तीन-चार नोंदी झाल्या की गाडीचा खरा खप कळतो. खुणेच्या वर कधीही भरू नये. पातळी फार वाढली की फिरणारा क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो खालचा दांडा) त्या ऑइलला घुसळून फेस आणतो, तो ब्रीदरमधून (इंजिनातला वायू बाहेर सोडणाऱ्या पाइपातून) इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या मार्गात, जातो आणि जळतो. "जास्त घातलेलं बरं" म्हणून घातलेले ऑइलच काही गाड्यांत धूर होऊन बाहेर पडत असते.

आणखी एक फसगत होते. रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या पेट्रोल गाडीत इंजिन पुरेसे तापत नाही आणि न जळलेले पेट्रोल रिंगांच्या बाजूने ऑइलमध्ये मिसळत राहते. ऑइल जळत असते, पेट्रोल भर घालत असते, आणि डिपस्टिकवर पातळी जागच्या जागी दिसते. मग एखाद्या सुट्टीत ती गाडी पुण्याहून थेट कोकणात नेली की पेट्रोल उडून जाते आणि एका प्रवासात ऑइल एकदम उतरल्यासारखे वाटते. म्हणून लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी आणि अर्ध्या वाटेवरही ऑइल पाहावे. डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यावर विसंबू नये. तो दिवा ऑइलची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. आणि वळणावर तो लुकलुकला याचा अर्थ पंपाच्या तोंडाशी ऑइल उरलेले नाही, बेअरिंग कोरडे पडायला लागले आहे. लिटरभर ऑइल जाळणारे इंजिन वर्षानुवर्षे चालते. क्रँक जाम होतो तो ऑइल संपलेले कुणी पाहिले नाही म्हणून.

आता वाटा पाहू. पहिली वाट बाहेरची, म्हणजे गळतीची. टॅपेट कव्हरचे (इंजिनावरच्या झाकणाचे) पॅकिंग, क्रँकचे पुढचे-मागचे सील, ऑइल प्रेशर स्विच आणि ड्रेन नट या तिच्या नेहमीच्या जागा. रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवून पाहावा. पण काही गळती इंजिन चालू असतानाच होते आणि ऑइल गरम सायलेन्सरवर पडून जळते, म्हणून इंजिन धुऊन दोन दिवस चालवून पुन्हा पाहणे अधिक भरवशाचे असते.

दुसरी वाट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. रिंगांच्या बाजूने थोडा वायू क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या खालच्या भागात, उतरतोच, आणि तो परत इनटेकमध्ये ओढून घेण्यासाठी पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि ब्रीदरचा पाइप असतो. हा व्हॉल्व्ह उघडा अडकला तर ऑइलची वाफ सतत इनटेकमध्ये जाते. तो बंद अडकला किंवा पाइप काळ्या गाळाने तुंबला, तर आत दाब साठतो आणि मिळेल त्या सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो. मग नवे सील घातले तरी ते सहा महिन्यांत पुन्हा गळते, आणि दोष सीलच्या दर्जाला दिला जातो. शंभर-दोनशे रुपयांचा हा भाग इतर कशालाही हात लावण्याआधी तपासावा, असा माझा आग्रह आहे.

तिसरी वाट व्हॉल्व्ह सीलची, म्हणजे सिलिंडरची हवा-धुराची तोंडे उघडझाप करणाऱ्या व्हॉल्व्हच्या सीलची. हे रबरी सील उष्णतेने कडक होतात आणि ऑइल व्हॉल्व्हच्या दांड्यावरून सिलिंडरमध्ये उतरते. त्याची खूण धुराच्या वेळेत आहे. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर येऊन थांबतो. किंवा आंबेनळीसारखा लांब घाट अ‍ॅक्सिलरेटर सोडून उतरल्यावर, पायथ्याशी पुन्हा पाय दिला की मागे निळा लोट दिसतो. थ्रॉटल बंद असताना पेट्रोल इंजिनाच्या इनटेकमध्ये तयार होणारी पोकळी ते ऑइल ओढून घेते. उलट, चढावर जोर लावताना धूर सतत येत असेल तर संशय रिंगांवर जातो. डिझेल गाडीत टर्बोचे (हवा दाबून इंजिनात ढकलणाऱ्या पंख्याचे) सीलही पाहावे लागते, आणि तिथे चालढकल धोक्याची आहे, कारण टर्बोतून भरपूर ऑइल आत गेले तर इंजिन त्या ऑइलवरच पळू लागते आणि चावी काढूनही थांबत नाही.

रिंगांचा संशय असेल तर कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये दाब किती बनतो याची मोजणी, करून घ्यावी. एखाद्या सिलिंडरचा आकडा कमी आला, तर त्यात स्पार्क प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलेला आहे, कारण ओतलेल्या ऑइलने ती फट तात्पुरती भरली. न चढल्यास व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. डिझेलवाले यालाच जोडून ऑइल भरण्याचे झाकण उघडून बॅक कॉम्प्रेशन (तिथून येणारा वायूचा झोत) पाहतात, तेही योग्यच आहे. मात्र कॉम्प्रेशन उत्तम असूनही ऑइल जाऊ शकते, ही गोष्ट अनुभवी माणसांच्याही नजरेतून सुटते. दाब धरतात त्या वरच्या रिंगा, ऑइल खरवडते ती खालची रिंग. तिची भोके कार्बनने बुजून ती खाचेत चिकटली, तर वरच्या रिंगा ठणठणीत असतानाही इंजिन ऑइल खाते. अशा इंजिनात प्लगच्या भोकांतून कार्बन विरघळवणारे द्रावण रात्रभर सोडून ठेवण्याचा उपाय करून पाहण्यासारखा आहे. सकाळी प्लग न लावताच इंजिन फिरवून उरलेले द्रावण बाहेर काढावे आणि ऑइल-फिल्टर लगेच बदलावेत. झिजलेल्या बोअरला याचा उपयोग नाही.

जाड ऑइलविषयी मला नेहमी विचारले जाते. (शेवटचा आकडा जितका मोठा, तितके गरम ऑइल जाड.) ५डब्ल्यू-३० ऐवजी ५डब्ल्यू-४० किंवा १०डब्ल्यू-४० घालून, म्हणजे एकच पायरी चढून पाहणे जुन्या इंजिनात रास्त आहे, मॅन्युअलने ती श्रेणी मान्य केलेली असेल तर अधिकच. पण टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर आणि व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणा) जिथे ऑइलच्या दाबावर चालते, तिथे थेट २०डब्ल्यू-५० ओतणे म्हणजे एक दुखणे झाकून दुसरे ओढवून घेणे. आणि सारखे टॉपअप होते म्हणून ऑइल बदलायची गरज नाही, हा समज सोडून द्यावा. ऑइल जळते, काजळी आणि धातूचा कीस आतच राहतो.

शेवटी हिशेब. वर्षाला १२,००० किलोमीटर चालणारी गाडी २००० किलोमीटरला लिटर ऑइल खात असेल तर वर्षाला सहा लिटर लागतात. लिटरला पाचशे रुपये धरले तरी तीन हजार. त्यासाठी इंजिन उघडण्यात अर्थ नाही. मात्र मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर निळा धूर जात असेल, तर तो हिशेब आपल्या एकट्याचा राहत नाही. शिवाय ऑइलमधल्या फॉस्फरसचा थर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागावर) बसून तो निकामी होतो, आणि पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणाला गाडी नेल्यावर अडचण उभी राहते. तेव्हा काम करावेच; पण रिंगा घालण्यापूर्वी बोअर मोजून घ्यावा, तो अंडाकृती झाला असेल तर नुसत्या रिंगा घालण्याचा मोह टाळावा, आणि होनिंगच्या (बोअर आतून घासण्याच्या) तिरप्या रेघा उमटल्याचे लेथवाल्याकडे स्वतः जाऊन पाहावे. नव्या रिंगा भिंतीशी जुळेपर्यंत सुरुवातीचे काही शे किलोमीटर ऑइल थोडे जाणारच. तेवढ्यावरून काम फसले असे धरू नये. वहीतल्या नोंदी तशाच चालू ठेवाव्यात, आणि पहिले ऑइल १००० किलोमीटरच्या आत बदलून टाकावे.