आधी खाली कोण बसते : मिठागराच्या वाफ्यातील रसायन

शाळेत आपण पदार्थांची सरळ दोन गटांत वाटणी करायला शिकलो : मीठ पाण्यात विरघळते, खडू विरघळत नाही. परीक्षेपुरती ही वाटणी चालते, परंतु पाणी असे दोन गट मानत नाही. 25 अंश सेल्सिअसच्या एक लिटर शुद्ध पाण्यात सुमारे 360 ग्रॅम मीठ मावते, जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, अडीच ग्रॅमच्या आसपास मावते आणि खडूचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा, वाटा सुमारे 14 मिलिग्रॅम एवढाच असतो. तो अगदी थोडा असला तरी शून्य नाही. प्रत्येक क्षाराची एक मर्यादा असते, आणि ती मर्यादा त्याच पाण्यात आणखी कोण आहे यावरही ठरते. आजच्या बोलण्याचा मुख्य विषय हाच आहे, आणि तो समजून घ्यायला कोकणातल्या मिठागरासारखी दुसरी प्रयोगशाळा मला सुचली नाही.

मिठागराकडे वळण्यापूर्वी माझ्या हातातली ही परीक्षानळी पाहा. हिच्यात मिठाचे संपृक्त, म्हणजे आणखी मीठ न मावणारे, द्रावण आहे : नितळ, आणि तळाशी मिठाचा एकही कण नाही. ‘संपृक्त’ म्हटले की पाण्याने आता काम थांबवले असे वाटते, पण तसे नसते. अशा द्रावणात मिठाचा खडा ठेवला, तर त्याच्या पृष्ठभागावरून सोडियम आणि क्लोराइडचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, सतत सुटत असतात आणि तितकेच परत येऊन चिकटत असतात. येणारे आणि जाणारे यांची बरोबरी झालेली असते, इतकेच. आता मी या नळीत संहत हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब सोडतो. (पहिल्या रांगेतल्यांनी थोडा वास सहन करावा.) थेंब जिथे पडला तिथून पांढरे बारीक कण खाली उतरू लागले आहेत. ते मीठच आहे. मी नळी थंड केली नाही, पाणी आटवले नाही आणि सोडियमचा एक कणही वाढवला नाही. आम्लाबरोबर फक्त क्लोराइड आले. दोन्ही आयनांच्या संहतींचा, म्हणजे पाण्यातल्या त्यांच्या दाटीचा, गुणाकार एका ठरावीक मर्यादेपलीकडे टिकत नाही, म्हणून क्लोराइड वाढताच सोडियमला त्याच्यासह स्फटिक होऊन खाली बसावे लागले. पाठ्यपुस्तकात याला सम-आयन परिणाम म्हणतात, आणि खाली बसलेल्या घनाला अवक्षेप. बोलताना आपण ‘साका’ म्हणतो, आणि मला तो शब्द अधिक नेमका वाटतो.

आता आगरात जाऊ. भरतीचे पाणी आत घेतले जाते, तेव्हा त्याच्या प्रत्येक किलोत सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. त्यांपैकी 27 ग्रॅमच्या आसपास आपले खाण्याचे मीठ असते. उरलेल्यांत मॅग्नेशियमचे क्लोराइड व सल्फेट, कॅल्शियमचे क्षार आणि थोडे पोटॅशियम असते. ऊन आणि वारा पाणी आटवत जातात तसा क्षारांचा क्रम लागतो. 1849 मध्ये उसिग्लिओ या रसायनज्ञाने भूमध्य समुद्राचे पाणी आटवत हा क्रम मोजून नोंदवला. आगरातील माणसे मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून या क्रमावर पोट भरत होती.

सर्वांत आधी कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडते. पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेटच्या रूपात असते; पाणी तापले आणि कार्बन डायऑक्साइड निघून गेला की कार्बोनेट उरते, आणि त्याची मर्यादा तर अगदीच तोकडी. बोअरचे पाणी उकळणाऱ्या भांड्याच्या आत धरणारा पांढरा थर याच घटनेचा आहे.

त्यानंतर जिप्समची पाळी येते, आणि इथे थोडे थांबायला हवे. पाणी मूळच्या एक-पंचमांशावर आले की कॅल्शियमही पाचपट आणि सल्फेटही पाचपट होते, म्हणजे त्यांचा गुणाकार पंचवीसपट होतो. तरीही शुद्ध पाण्याच्या हिशेबाने साका जिथे बसायला हवा, तिथे तो बसत नाही, उशिरा बसतो. भरपूर मीठ असलेल्या पाण्यात जिप्सम शुद्ध पाण्यापेक्षा जवळजवळ तिप्पटीपर्यंत मावू शकते. याचे कारण असे की कॅल्शियम आणि सल्फेटच्या भोवती विरुद्ध भाराच्या परक्या आयनांचे कोंडाळे जमते आणि त्या दोघांची एकमेकांवरची ओढ सैल पडते. म्हणजे नळीतल्या क्लोराइडने मिठाला खाली ढकलले, तर इथे तेच मीठ जिप्समला वर धरून ठेवते. सोबत आपल्याच आयनाची असेल तर मर्यादा आखडते, परक्याची असेल तर बहुधा सैलावते.

पाणी एक-दशांशाच्या आसपास उरले की मीठ धरते. ही वेळ ओळखण्यासाठी ज्या तरंगत्या काट्यावर ‘डिग्री’, म्हणजे पाण्याचा दाटपणा, पाहतात, तो फ्रेंच औषधनिर्माता आंत्वान बोमे याने 1768 मध्ये काढलेल्या मापावर चालतो. समुद्राचे पाणी साडेतीन डिग्रीच्या आसपास असते, मीठ सुमारे साडेपंचवीसला दिसू लागते, म्हणून त्याच्या आधीच पाणी जिप्सम टाकून पुढच्या वाफ्यात न्यायचे असते. एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात पाणी फिरवण्यामागे हेच गणित आहे : ज्याचा साका नको, तो मागच्या वाफ्यात बसू द्यायचा.

इथे कोणी विचारेल की पाणी आटवण्याऐवजी थंड करून मीठ का काढू नये. सोऱ्याच्या, म्हणजे पोटॅशियम नायट्रेटच्या, बाबतीत ते जमते, कारण उकळत्या पाण्याच्या 100 मिलिलिटरमध्ये सुमारे 247 ग्रॅम मावणारा सोरा शून्य अंशाला 13 ग्रॅमवर येतो. मीठ मात्र शून्य अंशाला 35.7 आणि शंभर अंशांना 39 ग्रॅम. गार करून हाती काय लागणार? त्यामुळे ऊन आणि वारा यांना पर्याय नाही, आणि पाऊस आला की हंगाम संपला.

एकोणतीस-तीस डिग्रीच्या पुढे मात्र हाव धरायची नसते. वाफ्यात उरलेले तेलकट, कडू पाणी सोडून द्यायचे असते, कारण त्यात आता मॅग्नेशियमचे क्षार दाटलेले असतात. ते शेवटपर्यंत आटवले तर वजन वाढते, पण मीठ कडू होते आणि पाझरते. मॅग्नेशियम क्लोराइड हवेतील आर्द्रता 33 टक्क्यांवर असतानाही पाणी ओढून स्वतः विरघळू लागते, तर शुद्ध मीठ सुमारे 75 टक्क्यांपर्यंत कोरडे राहते. म्हणून नीट न धुतलेले जाडे मीठ उन्हाळ्यातही ओलसर लागते. जुलैत कोकणात हवा दिवसचे दिवस 75 टक्क्यांच्या वरच असते, तेव्हा अगदी शुद्ध मिठाच्या बरणीतही तळाशी पाणी जमते. तो दोष मिठागराचा नाही.