नसांची आग आणि मूलपेशींचे इंजेक्शन

श्रोतेहो, नमस्कार.

रात्री दिवे मालवले की ज्यांच्या तळपायांची आग सुरू होते, पायांवर ओढलेली सुती चादरसुद्धा ज्यांना टोचते, त्यांना हे दुखणे समजावून सांगावे लागत नाही. घरातले कोणीतरी काशाच्या वाटीने तळव्यांना तूप चोळून देते, घटकाभर बरे वाटते आणि पुन्हा मुंग्या, पुन्हा चमका. बहुतेकदा यामागे जुना मधुमेह असतो. कधी बरी होऊन गेलेली नागीण, कधी मणक्यात दबलेली नस, तर कधी कर्करोगासाठी घेतलेली केमोथेरपी. तळव्यावर जखम दिसत नाही, कारण पायाची खबर मेंदूकडे नेणारी नसच बिघडलेली असते आणि ती नसलेल्या जखमेची वर्दी देत राहते. म्हणून साध्या वेदनाशामक गोळ्यांचा येथे फारसा उपयोग होत नाही. डॉक्टर प्रीगॅबालिन, ड्युलॉक्सेटिन, अमिट्रिप्टिलीन अशी औषधे देतात. काहींना त्यांनी चांगला आराम पडतो, काहींच्या वाट्याला मात्र नुसती गुंगी येते.

मूलपेशी (स्टेम सेल) म्हणजे जिच्यापासून शरीरातल्या इतर प्रकारच्या पेशी तयार होऊ शकतात अशी पेशी. अशा माणसाला ‘मूलपेशींनी नस नवी होते’ असे कोणी सांगितले, तर त्याने कान टवकारले यात नवल नाही. या उपचारात बहुधा अस्थिमज्जेतून, पोटाच्या चरबीतून किंवा नाळेतून काढलेल्या ‘मेसेंकायमल’ नावाच्या मूलपेशी वापरतात. पण त्या शरीरात जाऊन नवी नस बनतात, हा समज संशोधनाशी जुळत नाही. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, नसेला इजा केलेल्या उंदरांच्या पाठीच्या कण्यातील द्रवात अस्थिमज्जेच्या पेशी एकदाच टोचल्या होत्या आणि त्यांची वेदना कित्येक आठवडे कमी राहिली. त्या पेशी मज्जारज्जूलगतच्या नसांच्या गाठींभोवती जमल्या आणि टीजीएफ-बीटा-१ नावाचे प्रथिन स्रवत राहिल्या, ज्यामुळे तेथील दाह शमला. म्हणजे त्यांनी दुरुस्तीपेक्षा शेजारच्या भांडणात मध्यस्थीच अधिक केली.

दुसरी वाट सिडनी विद्यापीठात चाचपली गेली. तेथे मानवी पेशींना आधी मूलपेशींच्या अवस्थेत नेऊन (ही किमया क्योतोच्या शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदरांच्या पेशींवर प्रथम साधली), मग त्यांपासून वेदनेचे संदेश दाबणाऱ्या चेतापेशी तयार केल्या आणि उंदरांच्या मज्जारज्जूत रोवल्या. याही उंदरांना आराम पडला.

मात्र उंदीर आपले दुखणे बोलून दाखवत नाही. त्याच्या पंजाला केसासारखा बारीक तंतू टेकवतात आणि किती दाबावर तो पाय झटकतो, ते मोजतात. माणसाचे दुखणे त्याहून लहरी. ते आपोआप चढते, उतरते, आणि माणूस इंजेक्शन घ्यायला जातो तो नेमका ते शिगेला पोहोचल्यावर. त्यामुळे पुढच्या महिन्यातला उतार पेशींचा की निसर्गाचा, हे ओळखायचे तर काही रुग्णांना नुसते मिठाचे पाणी टोचून तुलना करावी लागते. माणसांवरचे आजवरचे बरेच प्रयोग मोजक्या रुग्णांचे आणि अशा तुलनेविना झालेले आहेत.

पेशी गोळीसारखी विरघळून जाईलच असेही नाही. वयाच्या १८ व्या वर्षी मणक्याच्या इजेमुळे पाय लुळे पडलेल्या एका तरुणीच्या मज्जारज्जूत पुढे पोर्तुगालमध्ये नाकाच्या अस्तरातील पेशी बसवल्या होत्या. आठ वर्षांनी तिची पाठ दुखू लागली. शस्त्रक्रियेत सुमारे तीन सेंटिमीटरची गाठ निघाली, आणि तिच्यात नाकासारखेच ऊतक व शेंबडासारखा चिकट द्रव होता. ही हकिकत २०१४ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आली.

आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या ठरावीक विकारांसाठी होणारे अस्थिमज्जा प्रत्यारोपण सोडले, तर मूलपेशींचा वापर केवळ मंजूर चाचणीतच, म्हणजे रुग्णांवरील रीतसर प्रयोगातच करता येतो, आणि चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून त्या उपचाराचे पैसे घेता येत नाहीत. म्हणून नसांच्या दुखण्यावर मूलपेशी देतो असे कोणी म्हणाले, तर त्याच्याकडे सीटीआरआय, म्हणजे अशा चाचण्यांच्या भारतातील नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागावा. ही नोंदवही इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य पाहता येते. चाचणी कोठे चालू आहे, कोणत्या नैतिकता समितीने ती पाहिली आणि कोणते रुग्ण घेतले जात आहेत, हे सारे तेथे लिहिलेले असते. क्रमांकाऐवजी हातात पॅकेजचे दरपत्रक पडले, तर ती चाचणी नव्हे.