आज ट्रक आजींच्या हातात

[बेन्सन, ॲरिझोना. एप्रिल महिना. सकाळचे सात.]

दक्षिण ॲरिझोनात हिवाळा उबदार असतो. अमेरिकेच्या थंड भागांतली निवृत्त माणसं नोव्हेंबरपासून इकडे येऊन राहतात, आणि येताना घर सोबतच आणतात. एप्रिलमध्ये ऊन तापायला लागलं की बेन्सनसारख्या छोट्या गावांतले आरव्ही पार्क, म्हणजे अशी फिरती घरं लावायच्या जागा, एकेक करून रिकाम्या होतात.

आज या दोघांची निघायची पाळी. आजोबा ७२ वर्षांचे, आजी ६९ च्या. त्यांचं दुसरं घर कुठेच नाही. ३४ फुटी ट्रेलर हेच घर, आणि ते ओढायला एक दणकट पिकअप ट्रक. नंबरप्लेट साउथ डकोटाची आहे. त्या राज्यात एका रात्रीच्या मुक्कामाची पावती आणि टपालाचा पत्ता दाखवला की अशा फिरत्या माणसांना ड्रायव्हिंग लायसन्स मिळतं.

जायचंय न्यू मेक्सिकोतल्या लास क्रूसेसला. सुमारे २३० मैल, म्हणजे ३७० किलोमीटर. साध्या मोटारीने साडेतीन तासांचा रस्ता, पण यांचा अख्खा दिवस त्यात जाणार आहे.

[आजोबा रबरी हातमोजे चढवतात.]

ट्रेलरच्या पोटात दोन टाक्या असतात. एकीत संडासाचा मैला, दुसरीत मोरीचं आणि आंघोळीचं पाणी. निघण्याआधी दोन्ही रिकाम्या करायच्या. आधी मैल्याची, मग सांडपाण्याची, म्हणजे मागून येणारं साबणाचं पाणी पाइप धुऊन काढतं. मैल्याच्या टाकीची झडप मुक्कामभर बंद ठेवावी लागते. ती उघडी राहिली तर पातळ तेवढं वाहून जातं आणि घट्ट थर तळाशी बसतो. आजोबा हे काम अगदी मन लावून करतात. घाई नाही, नाक मुरडणं नाही.

तोवर आजी आत आवराआवर करतायत. फ्रिजच्या दाराला पट्टा, न्हाणीच्या दाराला कडी, तुळशीसारखी दिसणारी बेझिलची कुंडी सिंकमध्ये. मग एक बटण दाबलं की बैठकीच्या खोलीची भिंत सोफ्यासकट आत सरकते. खोली एकदम बोळाएवढी होते.

[आजी ट्रकमध्ये बसतात.]

तीन वर्षांपूर्वी आजोबांच्या हृदयात स्टेंट बसवावा लागला. तेव्हा ट्रेलर जोडणं, ओढणं, मागे घेऊन लावणं हे सगळं फक्त त्यांनाच येत होतं. महिनाभर घर वाळवंटात एका जागी अडकून पडलं. बरं वाटायला लागल्यावर आजोबा पायरीवर बसून सांगत गेले आणि आजी रिकाम्या मैदानात शिकत गेल्या. तेव्हापासून मुक्काम हलवायच्या दिवशी कामांची अदलाबदल होते. गेल्या खेपेला ट्रक आजोबांनी चालवला, आज आजी चालवणार. या पार्कांमध्ये अशी कितीतरी जोडपी आहेत, जिथे सगळं एकालाच येतं आणि दुसरा शेजारी बसून असतो. मला त्यांची खरंच काळजी वाटते.

आता बारकाईने पाहा. ट्रकच्या हौद्यात लोखंडी जबडा आहे आणि ट्रेलरच्या पुढच्या टोकाला खाली आलेली जाड पोलादी खुंटी. आजी मुंगीच्या पावलांनी ट्रक मागे आणतात. खट्ट! जबडा मिटला. पण आवाजावर कुणी विश्वास ठेवत नाही. आजोबा टॉर्च घेऊन वाकतात आणि जबडा खुंटीभोवती पूर्ण मिटलाय का ते बघतात. मग ट्रेलरची विजेची केबल ट्रकला जोडतात. ट्रेलरचे पुढचे पाय अजून जमिनीला टेकलेलेच आहेत. आजी ट्रकमधूनच ट्रेलरचे ब्रेक हाताने दाबून धरतात आणि ट्रक किंचित पुढे खेचतात. खुंटी नीट अडकली नसेल तर ती आत्ताच निसटेल, आणि पाय टेकलेले असल्यामुळे साडेपाच टनांचं घर ट्रकवर कोसळणार नाही. ट्रक जागचा हलत नाही. मग केबलच्या शेजारची ती बारीक तार. चालत्या रस्त्यात ट्रेलर सुटलाच, तर ही तार ओढली जाऊन त्याचे ब्रेक आपोआप लागतात.

शेजारीण निरोप द्यायला आली आहे. आजी काचेतूनच हात दाखवतात, पाच मिनिटं! जोडणी चालू असताना बोलायचं नाही, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. मध्येच कुणी बोललं की नेमकी एखादी कडी राहून जाते. मागे उभे राहून आजोबा ओरडतात, "डावा! उजवा! ब्रेक!" दिवे लागले. मग आजी खाली उतरतात आणि दोघी कडकडून भेटतात.

[इंटरस्टेट १० महामार्ग, पूर्वेकडे.]

डॅशबोर्डवर चिकटपट्टीवर लिहिलंय: १३ फूट २ इंच. ही घराची उंची. एखाद्या जुन्या पुलाखाली किंवा पेट्रोल पंपाच्या छताखाली शिरण्याआधी हा आकडा डोळ्यांसमोर हवा. रस्त्यावर ताशी ७५ मैलांची मुभा आहे, पण आजी ६२ च्या वर जात नाहीत. टायर आणि घर, दोघांनाही वेग सोसत नाही. शेजारून मोठा ट्रक गेला की हवेचा लोट ट्रेलरला आधी ढकलतो, मग ओढतो. आजी स्टिअरिंग घट्ट धरतात, पण झटका देत नाहीत.

टेक्सास कॅनियन येतं. नाव टेक्सास, जागा ॲरिझोनाचीच. एकावर एक रचल्यासारख्या ग्रॅनाइटच्या गोल शिळा दोन्ही बाजूंना. पुढच्या थांब्यावर आजोबा उतरतात आणि एकेका चाकाच्या मध्याजवळ हात नेतात. एखादं चाक इतरांपेक्षा गरम लागलं तर त्याचं बेअरिंग किंवा ब्रेक बिघडलेला असू शकतो. चारही सारखीच कोमट आहेत.

राज्याची हद्द ओलांडताच घड्याळ एक तास पुढे जातं. न्यू मेक्सिको उन्हाळ्यासाठी वेळ बदलतं, ॲरिझोना बदलत नाही. म्हणून तर सकाळी साडेआठलाच ते निघाले. पुढे लॉर्ड्सबर्गच्या अलीकडे कोरड्या तलावाचं सपाट तळ लागतं. वसंतात इथे दुपारनंतर वारा उठतो आणि बारीक माती थेट रस्त्यावर येते. जून २०१७ मध्ये या भागात धुळीच्या वादळात गाड्यांवर गाड्या आदळून सहा माणसं गेली. रस्त्याकडेला पाट्या आहेत: रस्ता सोडून बाजूला व्हा. गाडी बंद करा. ब्रेकवरून पाय काढा. सीटबेल्ट सोडू नका.

ब्रेकवरून पाय का काढायचा? धुळीत मागच्याला फक्त तुमचे लाल दिवे दिसतात. पुढे गाडी चाललीय म्हणजे रस्ता तिकडेच आहे, असं समजून तो सरळ तुमच्यावर येतो. आजी या पाट्या दर वेळी मोठ्याने वाचतात, आणि आजोबा दर वेळी मान डोलावतात. आज आभाळ स्वच्छ आहे. दुपारी सोसाट्याचा वारा सुटणार, असा अंदाज काल रात्रीच त्यांनी पाहून ठेवला होता. तो सुटला तेव्हा तलावाचं तळ मागे पडून बराच वेळ झाला होता.

डेमिंगला डिझेल आणि सँडविच.

[लास क्रूसेस. दुपारचे अडीच.]

ऑर्गन पर्वताचे सुळके दिसायला लागतात. पार्कमधल्या जागेत ट्रेलर मागे घेऊन लावायचा आहे, आणि हाच दिवसातला सगळ्यात अवघड भाग. स्टिअरिंगच्या खालच्या कडेला हात ठेवायचा. हात जिकडे जाईल तिकडे ट्रेलरचं मागचं टोक जातं. आजोबा मागे उभे. दोघांचा एकच नियम: मी आरशात दिसलो नाही की लगेच थांब. "ये... ये... अजून ये... थांब!" दोनदा पुढे, तीनदा मागे, आणि घर जागेवर.

आजोबा विजेच्या खांबाला तपासणीचं यंत्र लावतात. लाल दिवा. अर्थिंगच नाही. अशा खांबाला घर जोडलं आणि आत कुठे वीज उतरली, तर पायरीवर पाय ठेवणाऱ्याला झटका बसू शकतो. ऑफिसातला मुलगा धावत येतो, माफी मागतो आणि दोन घरं सोडून पलीकडची जागा देतो. म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून. आजोबा विचारतात, "मी लावू का आता?" आजी मान हलवतात आणि ट्रक सुरू करतात.

या वेळी एकदाच पुढे, एकदाच मागे. यंत्रावर हिरवा दिवा. वीज, पाणी, मग मैल्याचा पाइप. भिंत बाहेर सरकते, खोली पुन्हा खोली होते. बेझिलची कुंडी खिडकीत जाते. आजोबा दोन आठवड्यांचं भाडं भरून येतात, आणि मुक्काम हलवण्याच्या वहीत पुढच्या तारखेसमोर लिहितात: ट्रक, मी. टाक्या, तू.