झडप बदलण्याआधीचे शरीर

५ मीटर लांबीची एक साधी पट्टी. हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया ठरण्याआधी वयस्कर रुग्णाला तिच्यावरून नेहमीच्या चालीने चालायला सांगतात आणि वेळ मोजतात. तेवढे अंतर कापायला ६ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर शरीरातील राखीव ताकद घटली आहे असे समजतात. अशा रुग्णाला शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत होण्याचा संभव अधिक असतो. या तपासणीला ना यंत्र लागते ना खर्च. कदाचित म्हणूनच ती अनेकदा राहून जाते.

धोक्याचा अंदाज बांधण्यासाठी शल्यविशारद 'युरोस्कोर २'सारखी गणिती पद्धत वापरतात. रुग्णाचे वय, मूत्रपिंड आणि फुप्फुसांची स्थिती, इन्सुलिनवर असलेला मधुमेह, आधी झालेली हृदयशस्त्रक्रिया, शस्त्रक्रियेची निकड अशा नोंदींवरून मृत्यूची शक्यता टक्क्यांत मिळते. मात्र रुग्ण पुन्हा शेतात किंवा कामावर कधी जाईल, हे तो आकडा सांगत नाही. त्यात हिमोग्लोबिन नाही आणि कुपोषणही नाही. शिवाय ही पद्धत प्रामुख्याने युरोपातील रुग्णांच्या नोंदींवर उभी आहे, आणि आपल्याकडचा झडपेचा रुग्ण बऱ्याचदा तरुण, अशक्त आणि उशिरा आलेला असतो.

उशिरा येणे हाच आपल्याकडचा मोठा धोका म्हणावा लागेल. लहानपणी घसा दुखून आलेल्या ऱ्हुमॅटिक तापाने मायट्रल झडप, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली झडप, हळूहळू आकसते. जिना चढताना लागणारा दम घरातली बाई अशक्तपणाच्या खाती टाकते, आणि कित्येकदा गरोदरपणी रक्ताचे प्रमाण वाढल्यावरच आजार उघडा पडतो. तोवर हृदयाचा डावा वरचा कप्पा फुगलेला असतो, ठोके अनियमित झालेले असतात आणि फुप्फुसांतील रक्तदाब चढलेला असतो. झडप एका दिवसात बदलता येते. पण वर्षानुवर्षे त्या दाबाविरुद्ध राबून थकलेला उजवा कप्पा त्याच दिवशी सावरत नाही. यकृताला आणि पायांना आलेली सूज ओसरायला वेळ लागतो, अतिदक्षता विभागातील मुक्काम लांबतो.

गळणाऱ्या मायट्रल झडपेचा धोका तर इको (हृदयाची सोनोग्राफी) अहवालातही चटकन ध्यानात येत नाही. डावा खालचा कप्पा आकुंचन पावताना काही रक्त पुढे महाधमनीत जाण्याऐवजी मागे, कमी दाबाच्या वरच्या कप्प्यात निसटते, त्यामुळे हृदयावरचा भार हलका भासतो आणि पंपिंगचा आकडा, म्हणजे दर ठोक्याला त्या कप्प्यातले किती टक्के रक्त बाहेर पडते तो, फसवा चांगला दिसतो. म्हणूनच या आजारात ६० टक्के किंवा त्याखालील आकडा म्हणजे स्नायू दुबळा होऊ लागल्याची खूण मानतात, एरवी ज्याला कोणी कमी म्हणणार नाही. गळती थांबवल्यावर मागची पळवाट बंद होते आणि तो आकडा आणखी उतरतो.

वय किंवा आधीची शस्त्रक्रिया बदलता येत नाही. परंतु तातडी नसेल तर हाती असलेल्या काही आठवड्यांत रक्तातील साखर आटोक्यात आणता येते, पंडुरोगाचे कारण शोधून लोह देता येते, किडलेल्या दातांवर उपचार करता येतात. दातांकडे दुर्लक्ष करणे महागात पडते, कारण हिरड्यांतील जंतू रक्तावाटे नव्या झडपेवर जाऊन वस्ती करू शकतात. तंबाखूचा प्रश्न विचारताना विडी-सिगारेटची नोंद होते, पण रोज सकाळी मशेरी लावणाऱ्या बाईला तो प्रश्न आपल्यासाठी आहे असे वाटतच नाही. तिला मशेरीचे नाव घेऊनच विचारले पाहिजे.

यांत्रिक झडप बसवली की रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. मायट्रल जागी बसवलेल्या झडपेसाठी आयएनआर (रक्त किती पातळ आहे हे सांगणारा तपासणीतला आकडा) साधारणपणे २.५ ते ३.५ या दरम्यान हवा; खाली गेला तर गुठळी, वर गेला तर रक्तस्राव. पालेभाजी सोडायची गरज नसते, तिचे प्रमाण मात्र रोज सारखे असावे. दुकानातून परस्पर आणलेली वेदनाशामक गोळी त्याहून घातक ठरते. ज्या गावाहून रक्ततपासणीसाठी अर्धा दिवस मोडून तालुक्याला जावे लागते, तिथे ते अंतरही धोक्यांत धरायला हवे. कोणती झडप बसवायची, हे ठरवतानाच त्याची चौकशी व्हावी. आणि ऱ्हुमॅटिक आजारात दर ३ ते ४ आठवड्यांनी घ्यायचे पेनिसिलिनचे इंजेक्शन झडप बदलल्यामुळे बंद होत नाही, कारण घशाच्या नव्या संसर्गानंतर तो ताप उलटून उरलेल्या झडपांना इजा पोहोचवू शकतो.