उघड्या राहिलेल्या कड्या

(दृश्य: परळ स्टेशनचा पूल, सकाळ)

गाडी परळला थांबली की काही माणसं चटकन ओळखू येतात. छातीशी धरलेली फाइल, प्लॅस्टिकच्या पिशवीत रिपोर्ट. जायचं असतं केईएम रुग्णालयात, नाहीतर कॅन्सरच्या टाटा रुग्णालयात.

एचआयव्हीचे उपचार घेणाऱ्यांच्या रिपोर्टवर दोन आकडे महत्त्वाचे, सीडी-फोर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पेशी किती, आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती. एआरटी म्हणजे या विषाणूला दाबून ठेवणारी औषधं; सरकारी एआरटी केंद्रांतून ती २००४ पासून मोफत मिळतात. गोळी न चुकता घेतली, की व्हायरल लोड मोजता न येण्याइतका खाली जातो. हे केवढं मोठं काम झालंय, ते त्याआधीचे वॉर्ड पाहिलेल्या नर्सना विचारा.

पण विषाणूने मागे ठेवलेली एक खूण त्या कागदावर उमटत नाही.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली टी-पेशी)

टी-पेशी म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी. विषाणू शिरलेल्या पेशी मारणं हे त्यांच्यातल्या ज्यांचं काम, त्यांना एक ब्रेक असतो. पीडी-वन नावाचा रिसेप्टर, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचं, संदेश घेणारं प्रथिन. १९९२ साली क्योटोमध्ये तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेने त्याचं जनुक शोधलं. एरवी या जनुकाच्या तोंडाशी मिथाइल नावाच्या छोट्या रासायनिक गटांच्या कड्या लागलेल्या असतात, म्हणून ते बंद. संसर्ग झाला की कड्या निघतात आणि रिसेप्टर पेशीवर येतो. चार दिवसांचा पाहुणा विषाणू निघून गेला, की कड्या परत लागतात.

विषाणू मुक्कामालाच राहिला, तर लागत नाहीत. ब्रेक दाबलेलाच राहतो. पेशी जिवंत असते, शत्रू ओळखते, पण लढायचं बळ उरत नाही.

व्हायरल लोड दोन वर्षांहून जास्त काळ दबलेल्या एचआयव्हीच्या रुग्णांच्या अशा पेशी संशोधकांनी तपासल्या. कड्या उघड्याच होत्या. जनुकाचं एक अक्षरही बदललेलं नव्हतं, तरीही.

(दृश्य: टाटा रुग्णालयाबाहेरचा फुटपाथ)

कॅन्सरही हाच ब्रेक दाबतो. तो सोडवणारं औषध आहे, पण महागडं. टाटाच्या डॉक्टरांनी डोकं-मानेच्या कॅन्सरच्या रुग्णांना, नेहमीच्या २४० मिलिग्रॅमऐवजी फक्त २० मिलिग्रॅम देऊन पाहिलं, साध्या केमोच्या गोळ्यांच्या जोडीने. नुसत्या गोळ्यांवर वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६ टक्के होतं, या औषधाच्या जोडीने ते ४३ टक्क्यांवर गेलं. फुटपाथवर मुक्काम करून उपचार घेणाऱ्या घरांसाठी ही बातमी आहे.

मात्र हे औषध ब्रेक सोडवतं, कड्या लावत नाही. थकलेल्या पेशीच्या जनुकांवरच्या खुणा बऱ्याच अंशी तशाच राहतात, आणि त्या पुसायच्या कशा, याचा शोध चालू आहे.

(दृश्य: संध्याकाळ. फाइल घेऊन पुलावर चढणारी माणसं.)