डिकीतला जनरेटर आणि डॉक्टरांचा कान

(बस-बॉडी बांधणाऱ्या कारागिरांसमोर आणि तंत्रनिकेतनाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, विषय फिरत्या दवाखान्याच्या बसमधल्या जनरेटरच्या आवाजाचा आहे, पण मी सुरुवात रक्तदाबापासून करणार आहे. डॉक्टर दंडाला पट्टा बांधतात, हवा भरतात आणि हळूहळू सोडत कोपराच्या खाचेत स्टेथोस्कोप लावून ठोके ऐकतात. ही पद्धत निकोलाय कोरोत्कोव्ह या रशियन शल्यचिकित्सकानं १९०५ साली मांडली. ते ठोके अगदी मंद आणि खर्जातले असतात, बहुतेक २०० हर्ट्झच्या खालचे. आता आपला जनरेटर बघा. तीन सिलिंडरचं इंजिन, मिनिटाला १५०० फेरे, म्हणजे सेकंदाला २५. फोर-स्ट्रोक असल्यामुळे सेकंदाला साडेसदतीस स्फोट. त्याच्या पटीतले सूर ७५, ११२, १५० हर्ट्झवर येतात. डॉक्टरांना जे ऐकायचं आहे, त्याच सुरांच्या टप्प्यात आपलं यंत्र घरघरत असतं.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. जुनी प्रवासी बस घेऊन आम्ही पहिला फिरता दवाखाना बांधला, तेव्हा जनरेटर मधल्या डिकीत बसवला आणि डिकीच्या दाराला आतून जाड फोम चिकटवला. बाहेर उभं राहिलं तर आवाज बरा वाटत होता. आठवड्यानं डॉक्टरबाईंचा फोन आला, ‘‘दादा, प्रत्येक पेशंटचं बीपी घेताना मला जनरेटर बंद करायला सांगावं लागतंय.’’ बंद केला की लसींचा फ्रीज बंद, एसी बंद, दिवे बंद. रांगेत चाळीस माणसं. त्या फोननं मला झोप लागली नाही. आपण दवाखाना बांधला आणि त्यात डॉक्टरांना ऐकू येत नाही, हे मला सहन होत नव्हतं.

आमची चूक अशी झाली, की आम्ही हवेतून येणाऱ्या आवाजाच्या मागे लागलो. बसमध्ये बसलेल्या माणसाला त्रास देणारा आवाज बराचसा हवेतून येतच नाही. तो बोल्टातून येतो. जनरेटर आम्ही फ्लोअरच्या पत्र्याला वेल्ड केलेल्या अँगलवर कसला होता. पत्रा हादरला, त्यावरचा प्लाय हादरला आणि अख्खी फरशी ढोलाच्या कातड्यासारखी वाजायला लागली. ढोलावर फोम चिकटवून ढोल गप्प होत नाही.

म्हणून पहिलं काम माउंटिंगचं, म्हणजे जनरेटर ज्या रबरी ठोकळ्यांवर बसतो त्यांचं. रबर माउंटिंग बाजारात जे मिळेल ते आणून लावायचं नाही. जनरेटरच्या वजनाखाली ते किती दबतं ते मोजायचं. सुमारे चार मिलिमीटर दबलं, तर त्यावर बसलेलं यंत्र सेकंदाला आठेक वेळा डुलणारं होतं. साडेसदतीसचा हादरा मग कागदावर विसाव्या हिश्शापर्यंत खाली येतो. प्रत्यक्षात रबर इतकं देत नाही, तरी फरक तळपायाला कळतो. एक-दीड मिलिमीटरच दबणारं कडक रबर लावलंत, तर फायद्यातला मोठा भाग गेला. मऊ माउंटिंगवर जनरेटर सुरू होताना आणि बंद होताना दोन-तीन सेकंद जोरात हलतो. गिऱ्हाईक घाबरतं. त्याला आधीच सांगून ठेवा, आणि त्या हलण्यापुरती चारी बाजूंनी जागा सोडा. दुसरं म्हणजे, माउंटिंगच्या खाली मजबूत आधार हवा, चॅसिसच्या क्रॉस-मेंबरवरून, म्हणजे सांगाड्याच्या आडव्या तुळईवरून आलेला. खालची जमीनच लवचीक असेल तर वरचं रबर काय करणार? आणि आपले रस्ते लक्षात घेऊन अडकण असलेली माउंटिंग घ्या, नाहीतर खड्ड्यात जनरेटर उसळून रबर फाटतं.

माउंटिंग उत्तम लावून सायलेन्सरचा पाइप थेट बॉडीला क्लॅम्प केलेला मी अनेक बसमध्ये पाहिला आहे. मग सगळी मेहनत त्या एका क्लॅम्पातून वाहून जाते. इंजिनपासून निघताना लवचीक बेलोज (घड्यांचा पाइप), पुढे पाइप रबराच्या टांगणीवर. डिझेलचा पाइप लवचीक, केबलला सैल वळसा. यंत्राचा बसला स्पर्श फक्त रबरातून झाला पाहिजे, दुसरीकडे कुठेही नाही.

आता हवेतला आवाज. भिंतीला वजन लागतं. पत्र्याचं वजन दुप्पट केलं तर फार तर सहा डेसिबल मिळतात. दोन पत्रे, मध्ये रॉकवूल (दगडी तंतूंची लोकर), आतल्या बाजूला जाळीदार पत्रा, हे चांगलं चालतं. थर्माकोल आवाज शोषत नाही. साधा पीयू फोम लावू नका. त्यात डिझेलचे शिंतोडे आणि तेलाची वाफ मुरते, आणि पेटला तर त्याचा धूर माणसाला मिनिटांत मारतो. सामानाबद्दल एवढंच पुरे, कारण घोटाळा सामानात क्वचितच असतो. तो फटीत असतो.

हिशेब करून दाखवतो. एक मीटर बाय एक मीटरचं डिकीचं दार. चारी बाजूंना अडीच मिलिमीटरची फट. फटीचं क्षेत्रफळ झालं १०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे दाराचा एक टक्का. एवढ्या फटीनं, दार शिशाचं केलंत तरी आवाज वीस डेसिबलपेक्षा जास्त अडत नाही. पस्तीस डेसिबल अडवणारं महागडं पॅनल त्या फटीनं वीसवर आणलं! म्हणून दाराला पोकळ रबरी गॅस्केट, ती दाबून धरणाऱ्या कड्या, आणि केबल-पाइपच्या प्रत्येक भोकाला सील. रात्री डिकीत दिवा लावून दार बंद करा आणि बाहेरून बघा. जिथून उजेड दिसतो तिथून आवाज येणारच.

इथे लोक उत्साहानं सगळंच बंद करतात. आम्हीही केलं. माउंटिंग सुधारलं, फटी बुजवल्या, डॉक्टरबाई खूश. मग मे महिन्यात बस सोलापूर जिल्ह्यात गेली आणि दुपारी जनरेटर तापून ट्रिप झाला. लसींचे डबे शेजारच्या गावातल्या फ्रीजमध्ये पळवावे लागले. त्या दिवशी कुणाचं नुकसान झालं नाही, पण होऊ शकलं असतं, आणि त्याला जबाबदार मी होतो.

तेव्हा हा दुसरा हिशेब जपून ठेवा. १० केव्हीएचा, म्हणजे सुमारे आठ किलोवॅट वीज देणारा जनरेटर-संच पूर्ण भारावर तासाला अडीच ते तीन लिटर डिझेल खातो. लिटरमागे साधारण दहा युनिट (किलोवॅट-तास) उष्णता धरा, म्हणजे तासाला अठ्ठावीसेक युनिट. त्यातली आठ युनिट वीज झाली. उरलेल्या विसातली निम्मी सायलेन्सरवाटे गेली, तरी दहा किलोवॅट उष्णता डिकीतच राहते. हवा दहा अंशांपेक्षा जास्त तापू द्यायची नसेल, तर सेकंदाला सुमारे ०.८ घनमीटर हवा खेळवावी लागते. ती सेकंदाला तीन मीटर वेगानं जायची तर येण्यासाठी जवळपास तीन चौरस फूट मोकळी जागा हवी आणि जाण्यासाठी तेवढीच वेगळी. जाळीच्या तारा वजा करून.

तीन चौरस फुटांचं भोक म्हणजे आवाजाला उघडं दार, असं तुम्ही म्हणाल. म्हणून भोक सरळ ठेवायचं नाही. जुन्या वाड्याच्या दिंडीतून आत शिरलं की समोर आडभिंत असायची, तशी रचना करायची. हवा आत येते, रॉकवूलच्या अस्तराच्या बोळातून काटकोनात वळते, पुन्हा वळते आणि मग रेडिएटरला भेटते. इंजिनची खडखड वळणावर अस्तरात जिरते. खर्जातला आवाज मात्र असा जिरत नाही, कारण २५ हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळजवळ चौदा मीटर, आपल्या बसपेक्षा जास्त. त्यासाठीच आधी माउंटिंग आणि चांगला सायलेन्सर. येणारी आणि जाणारी हवा बसच्या एकाच बाजूला ठेवू नका. सोलापूरला आमचं तेच चुकलं होतं. यंत्र स्वतःचाच गरम श्वास पुन्हा ओढत होतं.

आणखी एक. २००५ पासूनच्या नियमानुसार नवीन संच कारखान्यातूनच आवरणासह येतो आणि आवरणापासून एक मीटरवर ७५ डेसिबलच्या आत असतो. डिकीत मावत नाही म्हणून आपण ते आवरण काढून टाकतो. ते काढलं की कारखान्यानं केलेलं काम आता आपल्या अंगावर आलं, हे समजून काढा. शक्य असेल तर डिकी वाढवा, आवरण ठेवा. आणि धुराचा पाइप बसच्या कडेबाहेर, खिडक्यांपासून आणि एसीच्या हवेपासून लांब काढा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आत शांतता असेल तर जनरेटर चालू आहे हेही पेशंट विसरतो, म्हणून केबिनमध्ये या वायूचा अलार्म बसवल्याशिवाय मी आता बस सोडत नाही.

बाहेर आवारात बस उभी आहे आणि जनरेटर मघापासून चालू आहे. बीपीचं यंत्र आत टेबलावर ठेवलंय. दोघा-दोघांनी आत जा, एकमेकांचं बीपी घ्या, मग खाली येऊन डिकी उघडा आणि बोळात हात घालून हवा कुठून येते ते बघा.